बाटलीत बुडालेली फी

आमच्या लहानपणी डॉक्टरांकडे जावयाचे ठरले की आई प्रथम फळीवरची रिकामी बाटली उतरवून, ती गरम पाण्याने विसळून आमच्या हाती देई. कारण बाटली घरची नसली तर कंपाउंडर तिचे निराळे पैसे लावीत असे. डॉक्टर नाडी पाहत, जीभ पाहत, पाठीला नळी लावीत, चार प्रश्न विचारीत आणि एका चिटोऱ्यावर काही खरडून तो खिडकीतून आत सरकवीत. मग कंपाउंडर ते गुलाबी मिश्रण बाटलीत ओतून, तिच्या अंगाला मात्रांच्या खुणा कातरलेली कागदाची पट्टी डकवून, "दोन दिवसांचे औषध" असे म्हणून पैसे मागे. पैसे द्यावयाचे ते औषधाचे. डॉक्टरांच्या विद्येचे आणि वेळेचे मोल कोणी उच्चारीत नसे. आणि एखादे दिवशी त्यांनी "काही नाही, पेज प्या आणि पडून राहा" एवढेच सांगून परत पाठविले, तर त्यांना पैसे मागण्याचा संकोच आणि आम्हांला बाटली रिकामीच परत नेण्याची रुखरुख, असा उभयपक्षी अवघड प्रसंग येई.

जे पाश्चात्त्य वैद्यक १८४५ साली मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज उघडल्यापासून आमच्याकडे रुजत गेले, त्याच्या मायदेशी ही रीत फार जुनी होती, आणि तिच्या मुळाशी चक्क एक खटला होता. लंडनातील विद्याविभूषित वैद्य, ज्यांना तेथे फिजिशियन म्हणत, ते एका भेटीस एक गिनी, म्हणजे एकवीस शिलिंग घेत. परंतु ती मजुरी नव्हे, मानधन होय, असा त्यांचा अभिमान असे. राजा, गुरू आणि वैद्य यांच्याकडे रिकाम्या हाताने जाऊ नये, असा जो आमच्याकडचा संकेत, आणि वैद्याने दर रोग्याशी घासाघीस करू नये म्हणून त्याला इनाम किंवा वर्षासन लावून देण्याची जी जुन्या दरबारांची चाल, त्यांच्याशी या अभिमानाचे नाते निकटचे आहे. तिकडे मात्र या अभिमानाचा दस्तुरखुद्द वैद्यांनाच काच झाला. १७९१ साली न्यायालयाने निवाडा दिला की, फिजिशियनची फी हे मानधनच असल्यामुळे ती बुडाल्यास त्याला फिर्याद करता येणार नाही. आणि हा अटकाव दूर व्हावयास १८५८ चा वैद्यकीय कायदा यावा लागला.

गिनी ज्यांना परवडत नसे, ते औषधविक्या अपॉथेकरीकडे जात, आणि तोही काढा बांधून देता देता दोन शब्द सल्ल्याचे सांगे. विल्यम रोझ नावाच्या अशाच एका अपॉथेकरीवर फिजिशियनांच्या महाविद्यालयाने फिर्याद लावली, आणि वर म्हटलेला मुळाशी असलेला खटला तो हाच. त्याचा रोगी एक खाटीक होता. खालच्या न्यायालयात रोझ हरला. परंतु १७०४ साली सरदारांच्या सभेने निकाल फिरवून अपॉथेकरीला रोग्यास सल्ला देण्याची मुभा दिली. मात्र तिचा व्यवहारातील अर्थ असा झाला की, त्याने सल्ला खुशाल द्यावा, पैसे घ्यावयाचे ते औषधाचेच घ्यावेत.

या निकालाचे फळ काय झाले असेल, हे ज्याने दुकानाचा जमाखर्च एकदा तरी पाहिला आहे त्याला सांगावयास नको. ज्ञान फुकट आणि बाटली विकत, असे ठरल्यावर बाटल्या वाढल्या. सकाळचा घोट निराळा, रात्रीचा निराळा, वर गोळ्या आणि लेप. रोग्याला एका शब्दाची गरज असो की विश्रांतीची, त्याच्या माथी शिशांची रांग येई, कारण वैद्याची चूल त्या शिशांवर पेटत होती. १८१५ च्या कायद्याने अपॉथेकरीच्या शिक्षणाला आणि सनदेला शिस्त आली, आणि १८३० च्या सुमारास सल्ल्याचे पैसे मागण्याचा त्याचा हक्क न्यायालयांनी मान्य केला. पण तोवर लोकांच्या मनात औषध हीच वस्तू आणि सल्ला ही तिला जोडलेली पुस्ती, असे समीकरण पक्के झाले होते. या अपॉथेकरीच्याच वंशात पुढे इंग्लंडचा कुटुंबवैद्य जन्माला आला.

त्याच्या दारातील पैशाचा प्रश्न प्रथम राज्याने हाती घेतला तो १९११ साली. लॉइड जॉर्ज यांच्या विमा कायद्यान्वये कामगाराच्या आठवड्याच्या पगारातून चार पेन्स कापले जात, मालक तीन भरी आणि सरकारी खजिना दोन. त्याबद्दल यादीवरचा डॉक्टर कामगाराला विनामूल्य तपाशी आणि दरडोई वार्षिक रक्कम घेई. ही तजवीज कमावत्या माणसापुरती होती. त्याची बायको आणि मुले यादीबाहेर. तेव्हा घरात जी दुखणी सर्वांत अधिक काळ लपविली जात ती गृहिणीची. फीचे शिलिंग हाती असले तरी ते मुलाच्या बुटांकरिता राखून ठेवणारी आई ही त्या काळच्या इंग्रजी कामकरी वस्तीतील नित्याची मूर्ती होय, आणि आपल्या चाळींतून वाढलेल्या कोणासही ती परकी वाटणार नाही.

वेल्समधील ट्रेडेगर गावच्या खाणकामगारांनी मात्र १८९० पासूनच आपला मार्ग काढला होता. त्यांच्या वैद्यकीय साहाय्य मंडळात मजुरीतून थोडी वर्गणी कापली जाई आणि तीत सबंध कुटुंबाची सोय होई. ए. जे. क्रोनिन या कादंबरीकाराने डॉक्टर म्हणून याच गावी नोकरी केली. आणि याच गावी १८९७ साली जन्मलेले अन्यूरिन बेव्हन पुढे आरोग्यमंत्री झाले. डॉक्टरांच्या संघटनेने फेब्रुवारी १९४८ मध्ये घेतलेल्या मतदानात दहांतील जवळजवळ नऊजण त्यांच्या योजनेविरुद्ध होते. तरीही ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली आणि कुटुंबवैद्याच्या दारातील पैशाची पेटी उचलली गेली.

पेटी उचलली जाण्यास दीड वर्ष झाले नाही तोच औषधाच्या चिठ्ठीवर आकार बसविण्याचा अधिकार सरकारने १९४९ च्या कायद्याने घेऊन ठेवला, आणि तोही बेव्हन मंत्रिपदी असतानाच. १९५१ साली कोरियाच्या युद्धामुळे शस्त्रखर्च वाढला, अर्थमंत्री गेट्सकेल यांनी दातांच्या कवळ्या आणि चष्मे यांवर शुल्क बसविले, आणि बेव्हन यांनी राजीनामा दिला. त्यांच्याबरोबर हॅरॉल्ड विल्सनही बाहेर पडले. १९५२ मध्ये चर्चिल यांच्या सरकारने दर चिठ्ठीस एक शिलिंग लावला. १९६५ साली विल्सन यांनी पंतप्रधान या नात्याने तो आकार रद्द केला, आणि १९६८ साली, तेच पंतप्रधान असता, औषधाच्या दर बाबीस अडीच शिलिंग या दराने तो परत आला. या सर्व ओढाताणीत डॉक्टरच्या भेटीला हात लावण्याचे धैर्य कोणत्याही पक्षाने केले नाही.

मुंबई-पुण्याहून शिकून तिकडे गेलेल्या कित्येक मराठी डॉक्टरांनी याच व्यवस्थेत आयुष्य काढले. येथे खिडकीमागे कंपाउंडर आणि उधारीची वही पाहून वाढलेल्या माणसाला रोग्याकडून एक पैही न घेता दिवस संपविताना प्रथम काय वाटले असेल, हे त्यांपैकी कोणीतरी सविस्तर लिहावयास हवे होते.

भेटीला फी लावावी, हा विचार तिकडे अधूनमधून डोके वर काढतो. २०२२ मध्ये ऋषी सुनक यांनी चुकविलेल्या भेटीसाठी दहा पौंड दंडाची कल्पना मांडली आणि पंतप्रधान झाल्यावर सोडून दिली. जानेवारी २०२३ मध्ये माजी आरोग्यमंत्री साजिद जाविद यांनी भेटीसाठी शुल्काचा पुरस्कार केला. या पक्षाचा युक्तिवाद असा की, थोडे पैसे पडले म्हणजे क्षुल्लक तक्रारींची गर्दी हटेल. गर्दी हटते, हे खरे, पण कोणती? अमेरिकेतील रँड संस्थेने १९७० च्या दशकात काही हजार लोकांवर हा प्रयोग केला, तेव्हा खिशातून पैसे भरावे लागणारे लोक कमी वेळा डॉक्टरकडे गेले, परंतु अनावश्यक उपचारांइतकेच आवश्यक उपचारही त्यांनी टाळले. छातीतील कळ क्षुल्लक की गंभीर, हे जर रोग्यालाच कळत असते तर डॉक्टरची गरज काय होती? जर्मनीने २००४ पासून तिमाहीस दहा युरो घेऊन पाहिले. त्यात कारकुनी वाढली, गर्दीला फारसा आळा बसला नाही, आणि २०१२ च्या अखेरीस तेथील लोकसभेने ते शुल्क एकमताने रद्द केले. माझे मत या बाबतीत स्पष्ट आहे: वसुली करावयाची ती माणूस धडधाकट असताना कररूपाने करावी, कण्हत दारात उभा असताना नव्हे.

वेल्सने २००७, उत्तर आयर्लंडने २०१० आणि स्कॉटलंडने २०११ साली औषधाच्या चिठ्ठीवरील आकार उठविला. इंग्लंडात तो अजून आहे: दर बाबीस ९ पौंड ९० पेन्स, जरी मुले, वृद्ध आणि इतर सवलतींमुळे दहांतील सुमारे नऊ बाबी विनामूल्यच दिल्या जातात. म्हणजे रोझच्या खटल्यानंतर तीनशे वर्षांनीही तेथे औषधाला दाम पडते आणि सल्ला फुकट मिळतो.