न निघालेल्या रेकॉर्डी

पुसेगाव म्हटलं की बहुतेकांना साताऱ्याचं, सेवागिरी महाराजांच्या यात्रेचं पुसेगाव आठवतं. आमचं वेगळं. जिल्हा हिंगोली, तालुका सेनगाव. संत नामदेवांचं नरसी इथून जवळ. भजन-भारूड आमच्याकडे कुणी शिकवत नाही, ते लहानपणापासून कानावर पडतच असतं.

माझे चुलत आजोबा भारूड म्हणायचे. सगळं गाव त्यांना नाना म्हणे. १९९३ साली, म्हणजे माझ्या जन्माच्या आधी, ते आणि त्यांचे चार साथीदार एसटीनं शहरात गेले आणि एका लहानशा स्टुडिओत दिवसभर बसून कॅसेट भरून आले. थोडे पैसे कॅसेटवाल्यानं घातले, थोडे नानांनी कापूस विकून. कॅसेट कधी निघालीच नाही. दोन-तीन वर्षं नाना चौकशी करत राहिले. पुढे दुकान बंद झालं, मालक कुठं गेला ते कळलं नाही, आणि घरात तो विषय निघेनासा झाला.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीत काकूंच्या लोखंडी ट्रंकेत एक सी-साठ कॅसेट सापडली. वर बॉलपेननं ‘नाना – कच्ची’ एवढंच लिहिलेलं. रेकॉर्डिंगच्या दिवशी रेकॉर्डिस्टनं ऐकण्यापुरती काढून दिलेली ती प्रत होती. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे ‘हे तुझं तू बघ’ म्हणून ती माझ्या हातात आली. ती साफ कशी करायची हे शोधता शोधता मी न निघालेल्या रेकॉर्डिंगांच्या इतिहासात शिरलो. या विषयावरचं बहुतेक लिखाण इंग्लंड-अमेरिकेतल्या मोठ्या रॉक कलाकारांबद्दल आहे. पण त्यातल्या दोन गाजलेल्या टेपा मुंबईत भरल्या गेल्या होत्या, हे मला माहीत नव्हतं.

पहिली गोष्ट जानेवारी १९६८ची. बीटल्समधला जॉर्ज हॅरिसन ‘वंडरवॉल’ नावाच्या इंग्रजी चित्रपटाचं संगीत करण्यासाठी मुंबईत आला. फोर्टात, फिरोजशहा मेहता रोडवर एचएमव्हीचा स्टुडिओ होता. खाली कचेऱ्या, वर स्टुडिओ, आणि आवाज अडवायची सोय जेमतेम. पुढे हॅरिसनच सांगत असे की नीट ऐकलं तर त्या रेकॉर्डवर रस्त्यावरच्या टॅक्सी ऐकू येतात, आणि साडेपाचला कचेऱ्या सुटल्या की जिन्यावरच्या पावलांमुळे रेकॉर्डिंग थांबवावं लागे. स्टुडिओत एकाच ट्रॅकचं जुनं मशीन होतं. तेव्हा कंपनीचे भास्कर मेनन यांनी दोन ट्रॅकचं स्टिरिओ मशीन कलकत्त्याहून मागवलं. हेच मेनन पुढे अमेरिकेत कॅपिटल रेकॉर्ड्सचे आणि नंतर ईएमआयच्या जगभरच्या संगीत व्यवसायाचे प्रमुख झाले.

दोन ट्रॅक म्हणजे काय, हे आजच्या वाचकाला सांगायला हवं. आज आम्ही प्रत्येक वाद्य वेगळ्या ट्रॅकवर घेतो आणि नंतर घरी बसून कमीजास्त करतो. दोन ट्रॅकवर ती मुभा नसते. संतूर, सरोद, शहनाई, तबला सगळे एकाच वेळी वाजणार, आणि कुणाचा आवाज किती हे माइक किती जवळ ठेवला त्यावर ठरणार. एक जण चुकला की सगळ्यांनी परत वाजवायचं. म्हणून अशा रेकॉर्डिंगात एकाच रचनेचे अनेक टेक होतात आणि त्यातला एक रेकॉर्डवर जातो. बाकीच्यांवर पुढं दुसरं काहीतरी भरलं जातं, किंवा ते डब्यात पडून राहतात.

त्या वेळी वाजवणाऱ्यांत शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया, आशिष खान, महापुरुष मिश्र अशी माणसं होती. त्याच बैठकांत ‘द इनर लाइट’ या गाण्याची वाद्यसंगत भरली गेली. फेब्रुवारीत लंडनला त्यावर हॅरिसननं आवाज दिला आणि मार्चमध्ये ते बीटल्सच्या ‘लेडी मॅडोना’ या सिंगलच्या मागच्या बाजूवर आलं. बीटल्सच्या सिंगलवर आलेली हॅरिसनची ही पहिली रचना. ‘वंडरवॉल म्युझिक’ त्याच वर्षी नोव्हेंबरात निघालं. पण ‘ऑलमोस्ट शंकरा’ नावाची एक रचना आणि ‘द इनर लाइट’च्या संगतीचा एक वेगळा टेक तसेच राहिले. ते लोकांनी ऐकले २०१४ साली, जुन्या अल्बमच्या नव्या आवृत्तीत. मध्ये ४६ वर्षं गेली होती आणि हॅरिसनला जाऊन १३.

इथं मला एका मराठी माणसाचं नाव घ्यायला हवं. हॅरिसन येण्याच्या आदल्या वर्षी, १९६७ साली, एचएमव्हीनं ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही एलपी काढली. वाजवणारे शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काब्रा, आणि निर्माते जी. एन. जोशी. जोशी शिकले वकिली, पण नाव झालं गाण्यात. मेहकरच्या ना. घ. देशपांड्यांची ‘शीळ’ ही कविता १९३०च्या दशकात त्यांनी रेकॉर्डवर गायली आणि मराठी भावगीत घराघरांत गेलं. मेहकर बुलढाण्यातलं, आमच्या हिंगोलीच्या शेजारच्या मुलखातलं, म्हणून ही गोष्ट मला आणखी आवडते. नंतर जोशी एचएमव्हीत गेले आणि कित्येक वर्षं तिथं रेकॉर्डिंगचं काम पाहिलं. मोठमोठ्या गवयांना माइकपुढे बसवणं, ७८च्या रेकॉर्डीच्या साडेतीन मिनिटांत राग बसवून घेणं, रुसलेल्याला समजावणं हे सगळं त्यात आलं. ‘स्वरगंगेच्या तीरी’ या पुस्तकात त्यांनी त्या आठवणी लिहिल्या आहेत. उस्ताद अमीर खाँचा मारवा आणि दरबारी आज घरबसल्या ऐकता येतो, तोही जोशींनी केलेल्या एलपीमुळे.

निर्माता म्हणजे पैसे घालणारा, असं आपल्याला सिनेमामुळे वाटतं. रेकॉर्डिंगमधला निर्माता काचेपलीकडे बसून कोणता टेक ठेवायचा आणि कोणता सोडायचा हे ठरवतो. काय निघालं यावर त्याची सही असते. काय निघालं नाही, त्यावरही त्याचीच असते, फक्त ती दिसत नाही.

दुसरी गोष्ट १९७२ची. लेड झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले. कुलाब्यातल्या ‘स्लिप डिस्क’ या क्लबात ते स्थानिक मुलांबरोबर वाजवून गेले, याच्या आठवणी मुंबईचे जुने रॉकवाले अजून सांगतात. त्याच सुमारास त्यांनी इथल्या वादकांना घेऊन आपल्या दोन गाण्यांची, ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’ची, वेगळी रेकॉर्डिंगं केली. ‘फोर स्टिक्स’ पाच आणि सहा मात्रांत हिंदकळत जातं. झपताल दहाचा, पाच-पाचाच्या दोन भागांचा, त्यामुळे पाचाचा हिशेब तबलजीला नवा नाही. पण सम आणि खाली धरून मोजणं वेगळं आणि इंग्रजी बार मोजणं वेगळं. दोन मोजमापांची ती ओढाताण टेपवर ऐकू येते, आणि मला तरी तेच त्यातलं सगळ्यात जिवंत वाटतं. ही रेकॉर्डिंगं तेव्हा निघाली नाहीत. चोरट्या प्रती संग्राहकांत फिरत राहिल्या. अधिकृतपणे ती आली जुलै २०१५मध्ये, ‘कोडा’ अल्बमच्या वाढीव आवृत्तीत, ४३ वर्षांनी. कलाकारांच्या जागी नाव आहे ‘बॉम्बे ऑर्केस्ट्रा’.

कोण होतं हे ऑर्केस्ट्रा? सकाळी सिनेमाच्या गाण्याला आणि दुपारी दुसऱ्या स्टुडिओत वाजवणारे मुंबईचे वादक. त्यांना रोजचे पैसे मिळाले असतील आणि ते लोकलनं घरी गेले असतील. रेकॉर्डवर त्यांच्या वाट्याला शहराचं नाव आलं.

आपल्या मराठी घरातल्या रॉक गायकाचं काय झालं? आत्माराम भेंडे आणि आशा भेंडे यांचा मुलगा नंदू भेंडे. अलेक पदमसींच्या ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’मध्ये तो जूडास होता. १९७८ साली जब्बार पटेलांनी थिएटर अकॅडमीसाठी पुलंचा ‘तीन पैशाचा तमाशा’ केला, त्याचा नायक नंदू. ‘डिस्को डान्सर’मधलं कृष्णाचं गाणंही त्याच्या आवाजात आहे. मुंबईच्या ‘अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट’ या बँडचाही तो काही काळ गायक होता. कीथ कांगाच्या या बँडनं ७०चं दशक गाजवलं, पण त्यांचा ‘ऑब्सेशन ७७’ हा एकुलता एक अल्बम बाजारात आला तो १९८१ साली, बँड मोडल्यावर. मग तो विस्मरणात गेला. २०११ साली लॉस एंजेलिसच्या ‘नाऊ-अगेन’ या लहान कंपनीनं तो पुन्हा काढला आणि परदेशातले संग्राहक मुंबईच्या रॉकबद्दल विचारू लागले. नंदू एप्रिल २०१४मध्ये गेला. वडील त्याच्यानंतर दहा महिन्यांनी.

या तिन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की टेप कशी टिकते ते दिसतं. तीन गोष्टी जुळाव्या लागतात. टेप शाबूत हवी. ती काढायचा हक्क कुणाकडे आहे ते माहीत हवं. आणि तिच्यामागे लागणारं कुणीतरी हवं. हॅरिसन आणि पेजकडे तिन्ही होतं. अ‍ॅटॉमिक फॉरेस्टच्या मागे लागणारा माणूस सात समुद्रांपलीकडून आला.

हक्काच्या बाबतीत आपल्या कायद्यात एक गंमत आहे. भारतात ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट ६० वर्षं चालतो, पण ती मोजायची प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून. जी रेकॉर्ड निघालीच नाही तिचं घड्याळ सुरूच होत नाही. मालकी निर्मात्याची, म्हणजे नानांच्या बाबतीत त्या गायब झालेल्या दुकानदाराची. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचे स्वतःचे हक्क कायद्यात आले १९९४च्या दुरुस्तीनं, नानांच्या रेकॉर्डिंगनंतर वर्षानं.

आणि टेपेचं शरीर. स्टुडिओतली टेप साधारण ६ मिलिमीटर रुंद, सेकंदाला ३८ सेंटिमीटर वेगानं धावते. कॅसेटची फीत जेमतेम ४ मिलिमीटरची, वेग सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर. म्हणजे त्याच आवाजाला कितीतरी कमी जागा. ७०-८०च्या दशकांतल्या काही नामांकित स्टुडिओ-टेपा दमट हवेनं चिकट होतात. पन्नास-पंचावन्न अंशांवर काही तास भाजून मगच त्या एकदा वाजवता येतात. साध्या कॅसेटला हा रोग सहसा होत नाही. मराठवाड्याची कोरडी हवा आणि लोखंडी ट्रंक यांनी नानांवर उपकारच केले.

मी ती कॅसेट तीन रविवार खपून उतरवून घेतली. दुसऱ्या बाजूला कुणीतरी लग्नाची वरात भरली आहे, बँडबाजासकट, त्याखालचं गेलं ते गेलंच. पहिली बाजू पूर्ण आहे. आधी खरखर, मग एक अनोळखी आवाज म्हणतो, “नाना, काहीतरी बोला, आवाज बघू द्या.” काय बोलावं ते नानांना सुचत नाही. मग ते बरोबरच्या चौघांची नावं सांगायला लागतात. पखवाज कोण, पेटी कोण, टाळ कोण, मागं झील धरणारा कोण. प्रत्येकाचं गाव, बापाचं नाव, कुणाची किती एकर जमीन तेसुद्धा. मागं चौघं हसतात. तो आवाज म्हणतो, “झालं नाना, बस.” आणि भारूड सुरू होतं.

कॅसेट निघाली असती तर हे दीड मिनिट पहिल्यांदा कापलं गेलं असतं. चुकलेला टेकही गेला असता, ज्यात नाना मध्येच थांबून “परत घेऊ का?” विचारतात आणि तोच आवाज शांतपणे म्हणतो, “चालू द्या, बरं चाललंय.” या माणसाला आमच्या घरात तीस वर्षं शिव्या पडल्या. त्याचा आवाज ऐकल्यावर मला त्या तितक्या सोप्या राहिल्या नाहीत. त्याला काम कळत होतं.

खरखर काढायचं सॉफ्टवेअर माझ्याकडे होतं. थोडी काढली, पण जास्त काढली की नानांच्या आवाजातली धार जायला लागली, म्हणून राहू दिली. फाइलमध्ये कलाकारांच्या रकान्यात पाच नावं टाकली, नाना सांगतात त्याच क्रमानं.

चौघांतले टाळवाले तेवढे आता उरलेत. गेल्या उन्हाळ्यात पारावर त्यांना फोनवर ऐकवलं. डोळे मिटून त्यांनी सगळी बाजू ऐकली. मी विचारलं, “आजोबा, कसं वाटलं?”

“पेटी लई पुढं घेतलीय त्यानं,” ते म्हणाले. “टाळ ऐकूच येईना. तवाच मनलो होतो त्याला.”

मग फोन माझ्याकडे देत म्हणाले, “ते सुरुवातीचं लाव परत. नावाचं.”