आपली तसबीर आपण

वेल्हें हें गांव तोरण्याच्या पायथ्याशीं, कानद नदीच्या खोऱ्यांत वसलेलें आहे. राजगडही याच तालुक्यांत. शिवाजीमहाराजांची राजधानी सुमारें पंचवीस वर्षें त्या गडावर होती; सईबाईंचें देहावसान तेथेंच १६५९ सालीं झालें आणि राजाराममहाराजांचा जन्मही तेथेंच १६७० सालीं झाला. परंतु या मुलुखाचा इतिहास चाळूं लागलें कीं एक उणीव मनास खटकते. नांवें विपुल आहेत. चेहरे मात्र नाहींत. सईबाई दिसावयास कशा होत्या? मोसें खोऱ्यांतील बाजी पासलकर, भुतोंड्याचे येसाजी कंक यांच्या नाकडोळ्यांची ठेवण कशी होती? या प्रश्नांचें उत्तर देईल असें त्या काळचें विश्वसनीय चित्र आपणांपाशीं नाहीं. पुतळ्यांत आणि भिंतीवरच्या चित्रांत आपण जे चेहरे पाहतों, ते मागाहूनच्या कलावंतांनीं भक्तीनें व कल्पनेनें घडविलेले आहेत.

खुद्द महाराजांचीं त्या काळचीं कांहीं चित्रें सुदैवानें उरलीं आहेत. त्यांपैकीं एक, निकोलाव मनुची या इटालियन प्रवाशानें मीर महंमद नांवाच्या चित्रकाराकडून १६८६ पूर्वीं करवून घेतलेल्या संग्रहांत असून, तो संग्रह पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयांत आहे. महाराज घोड्यावर स्वार आहेत व सभोंवार शिपाई पायीं चालत आहेत. त्या शिपायांना चेहरे आहेत, पण नांवें नाहींत. आणि बखरींतून ज्या मावळ्यांना नांवें आहेत त्यांना चेहरे नाहींत. या दोहोंची गांठ पडावयाची राहूनच गेली.

याचें कारण उघड आहे. तसबीर म्हटली कीं काढणारा कुशल हात हवा आणि त्या हातास पोसणारा धनी हवा. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार अठराव्या शतकाच्या अखेरीस पुण्यास आला. १७९२ च्या सुमारास त्यानें सवाई माधवराव व नाना फडणीस यांस समोर बसवून त्यांचीं चित्रें काढलीं. म्हणूनच नानांचा तो कृश, सावध चेहरा आज आपल्या ओळखीचा आहे. परंतु त्याच पुण्यापासून दहा-पंधरा कोसांवर नाचणी पिकविणाऱ्या कुणब्याच्या दारीं कोणता चित्रकार जाणार? बैठकीचा मान दरबाराचा होता.

धन्यावांचून तसबीर काढण्याची सवड एकट्या चित्रकारालाच होती, कारण आरशासमोर बसून तो आपलेंच तोंड रंगवूं शके. हॉलंडमधील रेंब्रां हा एका पीठगिरणीवाल्याचा मुलगा. त्यानें तारुण्यापासून म्हातारपणापर्यंत आपलीं स्वतःचींच इतकीं चित्रें काढलीं कीं त्यांवरून त्याच्या आयुष्याची चढउतार वाचतां येते. त्या चित्रांत उजेड बहुधा एका बाजूनें येतो. एक गाल उजळतो, दुसरा सावलींत बुडतो, आणि सावलींतल्या गालावर डोळ्याखालीं उजेडाचा एक लहानसा त्रिकोण तेवढा राहतो. आजचे छायाचित्रकार या रचनेस अद्याप रेंब्रांचेंच नांव देतात.

१८३९ सालीं दागेर याची छायाचित्रणाची रीति पॅरिसमध्यें जाहीर झाली आणि कुंचल्याचें काम उजेडानें आपल्याकडे घेतलें. त्याच वर्षीं अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहरीं रॉबर्ट कॉर्नेलियस यानें दुकानाच्या मागील अंगणांत कॅमेरा मांडला, झांकण काढलें आणि तो त्यासमोर कांहीं मिनिटें निश्चल राहिला. विस्कटलेल्या केसांच्या त्या तरुणाचें हें चित्र आज जगांतील अगदीं पहिल्या स्वछायाचित्रांत गणलें जातें. हा गृहस्थ दिव्यांच्या व्यवसायांतला होता, ही गोष्ट आम्हांस अर्थपूर्ण वाटते. त्या वेळच्या मंद रसायनास किती उजेड लागेल हें ओळखूनच तो उघड्यावर गेला असावा.

मुंबईस ही विद्या लवकरच आली. १८५४ सालीं तेथें छायाचित्रकारांची संस्था निघाली, व पुढील वर्षीं एल्फिन्स्टन विद्यालयांत छायाचित्रणाचा वर्ग उघडला. हरिश्चंद्र चिंतामण हे त्याच वर्गांत शिकून पुढें नांवाजलेले छायाचित्रकार झाले. तथापि यंत्र महाग, रसायनें नाजूक, आणि हात शिकलेला हवा. म्हणून आपली तसबीर आपण काढण्याचा शोक प्रथम राजेरजवाड्यांसच परवडला. त्रिपुऱ्याचे महाराज वीरचंद्र माणिक्य यांनीं १८८० च्या सुमारास राणी मनमोहिनी यांच्यासह बसून, लांब तारेची कळ स्वतः दाबून काढलेलें चित्र प्रसिद्ध आहे. सामान्य लोकांच्या मनांत मात्र यंत्राविषयीं भय होतें. दादासाहेब फाळके यांनीं चित्रपटाकडे वळण्यापूर्वीं छायाचित्रांचा धंदा केला. त्या वेळीं कॅमेरा माणसाची शक्ति शोषून घेतो या समजुतीनें गिऱ्हाइकें येईनात, असें त्यांच्या चरित्रांत सांगतात.

भय गेलें तरी परावलंबन गेलें नाहीं. जुन्या चित्रशाळांत छपरास कांचा बसवीत, पडदे ओढून उजेड आवरीत, आणि मान हलूं नये म्हणून डोक्यामागें लोखंडी टेकू लावीत. कोठें पाहावें, हात कोठें ठेवावा, हें सारें छायाचित्रकार सांगणार. चेहरा आपला, पण हुकूम दुसऱ्याचा! आमच्या घरोघरच्या जुन्या तसबिरींतील आजोबा-पणजोबा इतके ताठ व रागीट कां दिसतात, याचें अर्धें उत्तर त्या टेकूंत आहे.

हा हुकूम मोडला तो डिजिटल कॅमेऱ्यानें. १९७५ सालीं कोडॅक कंपनींतील स्टीव्हन सॅसन यानें असा पहिला कॅमेरा जुळविला. त्याचें वजन साडेतीन किलोंहून अधिक होतें, चित्र अवघ्या १०,००० ठिपक्यांचें होतें, आणि तें फितीवर उतरण्यास २३ सेकंद लागत. आज खिशांतल्या यंत्रांत कोट्यवधि ठिपके मावतात, आणि वेल्ह्याच्या बाजारास आलेल्या माणसाच्या हातींही तें असतें. हात मिळाला, धनी लागत नाहीं. उरला प्रश्न उजेडाचा. आणि या बाबतींत मावळांतील जुनें घर चित्रशाळेहून उणें नाहीं, हें आम्हांस येथें मुद्दाम सांगावयाचें आहे.

उजेड मऊ कीं कठोर, हें तो केवढ्या जागेंतून येतो यावर ठरतें. माध्यान्हींचा सूर्य आकाशांत लहानसा दिसतो, म्हणून त्याची सावली धारदार पडते आणि डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात. उलट पडवीकडे उघडणारें दार म्हणजे आकाशाचा मोठा तुकडाच. पावसाच्या माऱ्यामुळें येथील घरांचे वळचणीचे पाखे खालपर्यंत उतरलेले असतात. ते थेट ऊन अडवितात आणि अंगणांतून परतलेला उजेड तेवढा आंत घेतात. दारापासून दोनतीन हात आंत, चेहरा दाराकडे अर्धवट वळवून बसावें. रेंब्रांचा त्रिकोण आपोआप उमटतो. सावलींतला गाल फार काळवंडला तर त्या बाजूस धुतलें धोतर टांगावें, किंवा चुन्यानें सारवलेल्या भिंतीजवळ सरकावें. दाराकडे पाठ करूं नये, नाहींतर चेहरा काळा व दार पांढरें येतें. आंतला पिवळा दिवा मालवावा, कारण दोन रंगांचे उजेड एका गालावर नांदत नाहींत. दिव्यावरच काम भागवावयाचें असेल तर त्याच्याजवळ बसावें. अंतर दुप्पट झालें कीं उजेड चौथाईवर येतो.

कॅमेरा हातांत धरूं नये. हाताच्या अंतरावरून नाक फुगतें आणि कान मागें पळतात. पायलीवर पायली ठेवून डोळ्यांच्या उंचीस तो टेकवावा, चारपांच हात दूर बसावें, आणि दहा सेकंदांनीं आपोआप उघडणारी कळ लावावी. बसण्याच्या जागीं आधीं काठी उभी करून तिच्यावर नेम धरला म्हणजे चित्र पुसट येत नाहीं.

उत्तरेकडच्या खिडकींत ऊन येत नाहीं, असें युरोपीय पुस्तकें सांगतात. वेल्ह्यास तें पुरतें लागू नाहीं. हें गांव सुमारें १८ अंश अक्षांशावर असल्यामुळें मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत सूर्य माध्यान्हीं किंचित् उत्तरेकडे झुकतो. पण त्या काळाचा बराच भाग पावसाळ्याचा असतो. तोरणा ढगांत दिसेनासा झाला कीं सारें आकाश एका पांढऱ्या पडद्याचें काम करितें. तसला मऊ उजेड कांचेच्या छपराखालींही क्वचितच मिळत असेल.

आतां एक सावधगिरीची सूचना. हल्लींचीं यंत्रें मालकास न विचारतां चेहरा गोरा करितात, सुरकुत्या पुसतात. रानांत राबलेल्या बाईचा रापलेला वर्ण हा तिच्या आयुष्याचा दाखला आहे. तो पुसणें म्हणजे कागदांतील तारीख खोडण्यासारखें आहे. म्हणून ती सोय बंद करावी. दुसरें असें कीं, हजार चित्रें यंत्रांत ठेवून यंत्र हरविणें आणि एकही चित्र न काढणें यांत इतिहासाच्या दृष्टीनें भेद नाहीं. वर्षाकाठीं एक तरी चित्र कागदावर उतरवून घ्यावें, आणि त्याच्या पाठीवर नांव, गांव व साल लिहावें. कॉर्नेलियसच्या चित्रामागें १८३९ हें साल लिहिलेलें आहे, म्हणूनच त्याची योग्यता ठरली.

स्वतःची छबी काढण्याच्या या छंदास पुष्कळ मंडळी उथळ म्हणतात, आणि पुष्कळदां तो उथळ असतोही. परंतु ज्या खोऱ्यानें राज्य उभारण्यास माणसें दिलीं आणि त्यांतील एकाचाही खरा चेहरा ज्यास राखतां आला नाहीं, तेथें एखादी आजी दाराच्या उजेडांत बसून आपणच कळ लावील आणि मागें आपलें नांव लिहवील, तर त्यास आम्ही उथळ म्हणणार नाहीं. तीनशें वर्षांनंतरच्या वाचकाला निदान तिच्याविषयीं तरी, ती दिसावयास कशी होती, हें विचारावें लागणार नाहीं.