पाच रोवण्या, एकच बैठक

मे २००७. गोंदियात बांध्यांना भेगा पडल्यात. तुम्ही मात्र कॅलिफोर्नियाजवळच्या माँटेरे दरीत आहात, समुद्राखाली १,४०० मीटर. पाणी ३ अंश, यानाच्या दिव्यापलीकडे मिट्ट काळोख. उभ्या खडकाला एक जांभळट ऑक्टोपस मादी चिकटलेली: ग्रॅनेलेडोने बोरिओपॅसिफिका. ३८ दिवसांपूर्वी ती या खडकाकडे निघालेली दिसली होती. अंगावरच्या जुन्या व्रणांवरून ओळख पटते. आता तिच्या बाहूंखाली दीडशेहून अधिक अंडी आहेत. हिच्याकडे शाईची पिशवीच नाही. इथल्या अंधारात शाई सोडून लपायचं तरी कुणापासून?

जुलैत वर या. रोवणी आटोपलेल्या बांधीत सारसाची जोडी घरट्यावर आहे. नर-मादी आळीपाळीने बसतात, महिनाभरात पिल्लू बाहेर येतं. उथळ पाण्यातल्या बहुतेक ऑक्टोपसांचंही काम एक ते तीन महिन्यांत उरकतं.

आता परत खाली चला. २००८, २००९, २०१०. दर खेपेला तीच मादी, त्याच जागी. अंडी फुगत चाललीत, ती सुकत चाललीय. रंग उडाला, कातडी सैल पडली, डोळ्यांवर सारा आला. शेजारून खेकडा चालत गेला तरी तिला त्याचं काही नाही. यानाच्या हाताने खेकड्याचा तुकडा पुढे केला, तोही नको. बाहूंनी ताजं पाणी मात्र अंड्यांवरून खेळवत राहते. याला वात्सल्य म्हणायचा मोह होतो. मी म्हणणार नाही, पण दुसरा शब्दही सापडत नाही.

सप्टेंबर २०११. गोंदियात पाचवी रोवणी होऊन धान पोटरीवर आलंय, ती अजून बसलेलीच. ऑक्टोबरात खडकावर फक्त फाटकी टरफलं. ५३ महिने! कुठल्याही प्राण्याचं याहून लांब अंडी राखणं नोंदलेलं नव्हतं. थंडीने वाढ मंदावते, हे एक कारण. पण उशिरा निघालेलं पिल्लू मोठं, घडलेलं असतं; पहिल्या दिवसापासून शिकार करू शकतं.

जाता जाता २०१८ गाठा. जवळच्याच डेव्हिडसन सागरी पर्वताच्या पायथ्याशी, ३,२०० मीटरवर, दुसऱ्या जातीच्या हजारो माद्या दाटीवाटीने अंडी राखत बसल्यात. भोवतालचं पाणी जेमतेम १.६ अंश, त्या हिशेबाने इथं कितीतरी वर्षं बसावं लागलं असतं. पण खडकाच्या फटींतून कोमट पाणी पाझरतं, आणि दोन वर्षांच्या आत पिल्लं निघतात.