लिमिटलेस

लिमिटलेस : (२०११). बुद्धी कैक पटींनी वाढवणाऱ्या गोळीभोवती रचलेला अमेरिकन थरारपट. दिग्दर्शक नील बर्गर, पटकथा लेस्ली डिक्सन. आयरिश लेखक ॲलन ग्लिन यांच्या ‘द डार्क फील्ड्स’ (२००१) या पहिल्याच कादंबरीचे हे रूपांतर. कादंबरीतील ‘एमडीटी-४८’ हे औषध पडद्यावर ‘एनझेडटी-४८’ झाले. प्रमुख भूमिका ब्रॅडली कूपर, रॉबर्ट डी नीरो आणि ॲबी कॉर्निश यांच्या आहेत.

एडी मोरा (कूपर) हा न्यूयॉर्कमधला लेखक. पुस्तकाचा करार झालेला असला तरी त्याच्या हातून एक ओळही उतरलेली नाही. घरभाडे थकले आहे आणि प्रेयसी लिंडी नुकतीच सोडून गेली आहे. पूर्वाश्रमीच्या बायकोचा भाऊ व्हर्नन रस्त्यात भेटतो आणि त्याच्या हातावर एक पारदर्शक गोळी ठेवतो. माणूस मेंदूचा जेमतेम २० टक्के भाग वापरतो, ही गोळी उरलेला उघडते, असा व्हर्ननचा दावा. मज्जाविज्ञानाला तो मान्य नाही, कारण निरोगी मेंदूचा मोठा भाग असा रिकामा पडून नसतोच. कथेला मात्र एवढी थाप पुरते. गोळी घेतल्यावर, भाड्यासाठी डाफरणारी घरमालकाची तरुण बायको कायद्याची विद्यार्थिनी आहे, हे एडीच्या ध्यानात येते आणि तो तिला निबंध लिहायला मदत करतो. रात्रीतून घर आवरून लिहायलाही बसतो. पुढे व्हर्ननचा खून होतो. त्याच्या घरातल्या ओव्हनमध्ये दडवलेला गोळ्यांचा साठा एडीच्या हाती लागतो. चार दिवसांत पुस्तक पूर्ण करून तो शेअर बाजाराकडे वळतो, गेनाडी या रशियन गुंड सावकाराकडून भांडवल उचलतो आणि कार्ल व्हॅन लून (डी नीरो) या बड्या धनाढ्याचा सल्लागार होतो. मग गोळीचे दुसरे रूप दिसू लागते : हरवलेले तास, हॉटेलात मृत सापडलेली स्त्री, औषध थांबताच खंगून जाणारे जुने सेवनकर्ते आणि पाठलाग करणारे मारेकरी.

चित्रपटाचे खरे बळ दृश्यरचनेत आहे. छायाचित्रकार जो विलेम्स यांनी गोळीविना एडीचे जग फिकट, करडे-निळसर ठेवले. गोळी लागू पडताच तेच जग सोनेरी, उबदार होते आणि भिंगाचा आवाका रुंदावतो. लिहिताना अक्षरे छतावरून झरतात, छताच्या चौकटी उलटून शेअरचे आकडे दाखवतात, एका खोलीत अनेक एडी एकाच वेळी कामाला लागलेले दिसतात. शहराच्या रस्त्यांतून न थांबता पुढे धावणारी झूमदृश्येही गाजली. ती अनेक कॅमेऱ्यांनी टिपलेली चित्रे एकमेकांत सांधून साधली आहेत.

पटकथेची बाजू त्यामानाने लंगडी आहे. एवढी अफाट बुद्धी लाभलेला माणूस करतो काय, तर शेअरमध्ये पैसा, अंगावर भारी सूट, वेगवान गाडी आणि शेवटी राजकारण. भांडवल गुंडाकडून घेऊन त्याला वेळेवर परत न करण्याची चूक तर सामान्य बुद्धीचा दुकानदारही टाळील. कूपरच्या चुणचुणीत अभिनयामुळे या फटी पाहताना फारशा जाणवत नाहीत. ही भूमिका आधी शाया लबफकडे होती. अपघातात त्याच्या हाताला इजा झाल्यावर ती कूपरकडे आली.

शेवटाच्या बाबतीत चित्रपट आपल्या पूर्वसुरींशी फारकत घेतो. डॅनियल कीज यांच्या ‘फ्लॉवर्स फॉर अल्जर्नन’वर आधारलेल्या ‘चार्ली’त (१९६८) शस्त्रक्रियेने वाढलेली बुद्धी नायकाला गमवावी लागते, उसन्या बुद्धीची परतफेड करावी लागणे हा या कथाप्रकाराचा जुना रिवाज आहे. ग्लिन यांच्या कादंबरीतही एडी अखेर गोळ्या संपत आलेल्या अवस्थेत एका मोटेलात अडकून पडलेला आढळतो. चित्रपटात मात्र तो सिनेटच्या निवडणुकीला उभा राहतो, औषधाच्या पुरवठ्याच्या जोरावर त्याला मुठीत ठेवू पाहणाऱ्या व्हॅन लूनला वाटेला लावतो आणि गोळी सोडूनही मेंदूतील बदल टिकल्याचे सांगतो. तो खरे बोलतो की नाही, याचा खुलासा चित्रपट करत नाही. हा शेवट काहींना बेजबाबदार वाटला. शिक्षेवाचून सुटणारा नायक या प्रकारात विरळाच, म्हणून तो लक्षातही राहतो.

चित्रपट मार्च २०११ मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाला. सुमारे २.७ कोटी डॉलर खर्चाच्या या चित्रपटाने जगभरात सुमारे १६ कोटी डॉलरचा गल्ला जमवला. ‘द हँगओव्हर’च्या (२००९) विनोदी यशानंतर कूपर एकट्याच्या बळावर चित्रपट पेलू शकतो, हेही त्याने दाखवले. पुढे कादंबरीच्या आवृत्त्या चित्रपटाच्याच नावाने निघाल्या. एकाग्रतेसाठी घेतल्या जाणाऱ्या औषधांवरील चर्चेत, विशेषतः अनावर झोपेच्या विकारावर वापरल्या जाणाऱ्या मोडाफिनिलसंबंधी लिहिताना, वृत्तपत्रे या चित्रपटाचे नाव हटकून घेऊ लागली. त्या औषधाचा परिणाम मात्र एनझेडटीच्या जवळपासही जात नाही.

याच नावाची दूरचित्रवाणी मालिका सीबीएस वाहिनीवर २०१५-१६ मध्ये दाखवली गेली. तिचा नायक ब्रायन फिंच (जेक मॅक्डॉरमन) गोळी घेऊन एफबीआयला गुन्हे उकलण्यात मदत करतो, आणि सिनेटर झालेल्या मोराच्या भूमिकेत कूपर अधूनमधून येतो. २२ भागांच्या एकाच हंगामानंतर ती बंद झाली.