जर्बिल, पाळीव
मंगोलिया व उत्तर चीनच्या रुक्ष गवताळ प्रदेशांत बिळे करून राहणारा, कृंतक गणातील लहान सस्तन प्राणी (मेरिओनीस उंग्विक्युलेटस). 1935 मध्ये जपानमध्ये व तेथून 1954 मध्ये अमेरिकेत प्रयोगशाळांसाठी नेलेल्या प्राण्यांपासून पाळीव वंश वाढला. वजन सु. 60–100 ग्रॅ.; शेपटी केसाळ, टोकाशी झुपकेदार; आयुर्मान 3–4 वर्षे.

निवड : चपळ, स्वच्छ डोळ्यांची, कोरड्या नाकाची, एकाच वेतातील समलिंगी जोडी घेतात; एकटा प्राणी ठेवत नाहीत.

निगा : काचेच्या टाकीत किमान 20 सेंमी. जाड भुशाचा थर, कुरतडण्यास लाकूड, अंग घोळण्यास वाळू, धान्यमिश्रित खाद्य व पाणी पुरवितात. शेपटीला धरून उचलल्यास तिची त्वचा सोलून निघते.

महत्त्व : अपस्मार, पक्षाघात व श्रवणविषयक संशोधनात वापर होतो. (पहा : कृंतक गण, हॅम्स्टर).