घंटेपासून ‘दामिनी’पर्यंत

आभाळ गडगडू लागले की चर्चची घंटा वाजवायची, ही युरोपातील गावांची शतकानुशतकांची प्रथा होती. घंटानादाने वादळ पांगते, अशी श्रद्धा त्यामागे होती. पण गावातले सर्वांत उंच ठिकाण म्हणजे चर्चचा मनोरा. त्यात धातूची घंटा आणि तिला बांधलेला, पावसाने भिजलेला दोर. तो दोर धरणारा माणूस विजेच्या वाटेतच उभा असे. १७८४ साली म्यूनिकमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पुस्तकाने याचा हिशेब मांडला : ३३ वर्षांत ३८६ मनोऱ्यांवर वीज पडली आणि १०३ घंटावादक दगावले.

तोपर्यंत उपाय हाताशी आलेला होता. मे १७५२ मध्ये, बेंजामिन फ्रँकलिनच्या सूचनेनुसार, पॅरिसजवळच्या मार्ली गावात उंच लोखंडी दांडा उभारून ढगांतली वीज उतरवण्यात आली. आकाशातली वीज आणि प्रयोगशाळेतली ठिणगी एकच, हे सिद्ध झाले. पुढच्याच वर्षी सेंट पीटर्सबर्गमध्ये असाच प्रयोग करताना गेओर्ग रिखमान हा शास्त्रज्ञ मरण पावला. त्याच्या दांड्याला जमिनीशी जोडलेले नव्हते. तडितरक्षकाचे सारे मर्म या जोडणीत आहे. तो वीज थांबवत नाही. तिला जमिनीत जाण्याची सोपी वाट देतो.

फ्रँकलिनने या शोधाचे पेटंट घेतले नाही; १७५३ च्या आपल्या पंचांगात कृतीच छापून टाकली. तरी लोकांचा विश्वास बसायला वेळ लागला. फ्रान्समधील सेंत-ओमेर येथे एका गृहस्थाने घरावर तडितरक्षक बसवला, तेव्हा शेजारी घाबरले आणि तो काढण्याचा हुकूम निघाला. १७८३ मध्ये त्याच्या बाजूने खटला जिंकणारा तरुण वकील होता रोबेस्पिएर, पुढे फ्रेंच राज्यक्रांतीत गाजलेला. व्हेनिसच्या सान मार्को मनोऱ्यावर वारंवार वीज पडत असे. त्याला १७७६ मध्ये तडितरक्षक मिळाला.

इमारती अशा सुरक्षित होत गेल्या. माणसाचे काय? १७६७ च्या एका लेखात फ्रँकलिनने त्याचाही विचार केला होता : गडगडाट चालू असताना धुराड्यापासून आणि आरशांपासून दूर, खोलीच्या मध्यभागी बसावे. सल्ला उत्तम, पण तो घरात असणाऱ्यांसाठी. उघड्या शेतात उभा असलेला माणूस स्वतःच मनोरा होतो. झाडाखाली गेला, तर झाडावर पडलेली वीज खोडातून त्याच्याकडे झेपावते किंवा जमिनीतून पायांपर्यंत पोहोचते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये भारतात विजेने २,८८७ बळी घेतले. त्यांत शेतात राबणारे आणि गुरे राखणारे मोठ्या संख्येने असतात.

पायाळू माणसावर वीज पडते, असे आपल्याकडे म्हणतात. घंटेवरच्या श्रद्धेइतकीच ही समजूतही घातक आहे, कारण ती धोका माणसाच्या जन्मात शोधते. वीज जन्म पाहत नाही, जागा पाहते. जो पायाळू नाही तो निर्धास्तपणे आंब्याखाली उभा राहतो, हा या समजुतीचा खरा तोटा.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे मोबाइल अॅप आसपास विजा पडत असल्याची सूचना देते. ते हाती नसले तरी कान आहेत. गडगडाट ऐकू आला, म्हणजे वीज आपल्यावरही पडू शकेल इतके वादळ जवळ आहे. वीज दिसल्यापासून आवाज येईपर्यंतचे सेकंद मोजून तीनने भागले की अंतर किलोमीटरमध्ये मिळते. लगेच पक्क्या घरात किंवा बंद मोटारीत जावे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. आसरा नसेल, तर एकट्या झाडापासून, पाण्यापासून आणि तारांच्या कुंपणापासून दूर जावे. घोळका न करता, पाय जुळवून उकिडवे बसावे. हा पक्का बचाव नव्हे, पण धोका थोडा कमी होतो.

मनोऱ्यांना जमिनीची वाट मिळाली, त्याला अडीचशे वर्षे होऊन गेली. वळवाच्या पावसात शेतावर असणाऱ्याला वेळीच गाठता येईल असा पक्का आसरा मिळणे, हे या इतिहासातले राहिलेले काम आहे.