कॅप्टन हेन्स व एडनची तिजोरी

स्टॅफर्ड बेट्सवर्थ हेन्स (१८०२–१८६०) या आरमारी अधिकाऱ्याचें नांव दोन प्रकरणांत येतें : एडनचा ताबा व एडनच्या तिजोरींतील तूट. पहिल्यानें त्यास कीर्ति मिळाली, दुसऱ्यानें तुरुंग. दोन्ही प्रकरणें एकत्र तपासल्यावांचून त्याच्या चरित्राचा निर्णय करणें योग्य नव्हे.

हेन्स हा कंपनीच्या मुंबईच्या आरमारांतील अधिकारी. पॅलिन्यूरस जहाजावरून त्यानें अरबस्तानच्या दक्षिण किनाऱ्याची मोजणी केली. याच जहाजावरील अधिकाऱ्यांस १८३४ त हिस्न-अल्-घुराब येथील प्राचीन शिलालेख आढळला, हें संशोधकांनीं ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

१८३७ च्या आरंभीं ‘दर्या दौलत’ हें इंग्रजी निशाणाचें जहाज एडनजवळ फुटून लुटलें गेलें. भरपाई मागण्यास मुंबई सरकारनें हेन्सला पाठविलें. लूट हें निमित्त. आगबोटींकरितां कोळशाचें ठाणें मिळविणें हा खरा हेतु. वर्षास ८,७०० क्राउन घेऊन बंदर देण्यास लाहेजचा सुलतान मुहसिन १८३८ त कबूल झाला, परंतु त्याच्या पुत्रानें तें मोडून काढलें. अखेर १९ जानेवारी १८३९ रोजीं ‘व्होलेज’ व ‘क्रूझर’ या जहाजांच्या तोफांच्या बळावर एडन घेतलें गेलें. व्हिक्टोरिया राणीच्या कारकीर्दींत राज्यास जोडलेला हा पहिला मुलूख होय.

पुढें पंधरा वर्षें हेन्सनें तेथील कारभार पाहिला. सुमारें सहाशें वस्तीच्या उजाड गांवाचें गजबजलेलें बंदर झालें. तथापि १८५४ त तिजोरींत सुमारें २८,००० पौंडांची तूट निघाली. मुंबईंत त्याजवर अपहाराचे खटले झाले. जूरीनें दोन वेळां त्यास निर्दोष ठरविलें. तरीही सरकारचें देणें राहिलें, या कारणास्तव त्यास कर्जदारांच्या तुरुंगांत ठेवलें. १८६० त गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांनीं त्यास सोडलें; परंतु थोडक्याच दिवसांत, १६ जून रोजीं, मुंबई बंदरांतील जहाजावर तो वारला.

येथें दोन प्रश्न वेगळे केले पाहिजेत. हिशेबाची जबाबदारी हेन्सची होती, हें निर्विवाद. पैसा त्यानें खाल्ला, हें न्यायासनापुढें सिद्ध झालें नाहीं. सरकारनें पहिल्या गोष्टीसाठीं दिलेली शिक्षा दुसरीला शोभणारी होती. सबब त्यास चोर म्हणणें पुराव्यास सोडून होईल, आणि केवळ हुतात्मा म्हणणेंही तितकेंच.

एडन १९३२ पर्यंत मुंबई इलाख्याच्या कारभारांत होतें. वासुदेव बळवंत फडके १८८३ त तेथील तुरुंगांतच वारले. म्हणून एडनचे कागद परक्या इतिहासाचे समजून आपल्या संग्राहकांनीं बाजूस टाकूं नयेत. राजकीय पत्रव्यवहार व जमाखर्च शेजारीं ठेवून वाचले, म्हणजेच अशा पुरुषाचा न्याय होतो.